कोरड्या मातीच्या टाइल्स

श्रोतेहो, नमस्कार.

ओल्या मातीची लादी थापून वाळत ठेवली की काय होतं, ते कुंभाराला विचारा. कडा आधी सुकतात, मधला भाग मागे राहतो आणि लादी वाकते. अशा लाद्या भिंतीवर एकमेकींना चिकटून बसणार कशा?

इंग्लंडमध्ये यावर तोडगा निघाला तो चक्क गुंड्यांमधून! १८४० साली रिचर्ड प्रॉसर यांनी मातीची पूड साच्यात दाबून गुंड्या बनवण्याचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या गावातले कारखानदार हर्बर्ट मिंटन यांनी हेरलं, की गुंडी होते तर टाइलही होईल. नावापुरती ओल असलेली मातीची पूड लोखंडी साच्यात भरायची आणि वरून स्क्रू प्रेस दाबायचा. पाणीच कमी, मग माती आटणार किती आणि वाकणार किती?

पहिल्या भाजणीनंतर हाती येते ती पाणी शोषणारी टाइल. कारागीर तिला ‘बिस्किट’ म्हणतात. पुढची सगळी गंमत हिच्यावर.

छापील चित्रांची युक्ती मात्र त्याहून जुनी. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर लिहून दिलं, की आपण सहा तासांत बाराशेहून जास्त टाइल्स छापल्या. हाताने रंगवणाऱ्यांनी हे ऐकून कपाळाला हात लावला असेल!

दुसरी तऱ्हा आपल्या बायकांना लगेच कळेल. मेंदीच्या कोनातून काढतात तशी पातळ मातीची बारीक उठावदार रेघ टाइलवर ओढायची. रेघांच्या बांधांमध्ये रंगीत झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर होणारा लेप, भरायची. बांध असल्यामुळे हिरवा लालात घुसत नाही.

पण मला सर्वांत आवडते ती एकाच रंगाची टाइल. साच्यातच पानाफुलांचा उठाव असतो. वरून एकच हिरवी झिलई. भट्टीत ती वितळते, उंचवट्यांवरून ओघळते आणि खोलगट जागी साचते. शिरा फिक्या, खाचा गडद. हे छायाप्रकाश कुंचल्याने काढलेले नाहीत, वितळलेल्या काचेने काढलेत.

या झिलईत तेव्हा शिसं असे. ती लावणाऱ्या कामगारांचे हात दिवसभर त्यातच बुडालेले. शिशाची विषबाधा हा तिथल्या कुंभारकामाचा ओळखीचा आजार होता. पान इतकं सुंदर चमकतं, ते त्याच शिशामुळे.