हांगझोऊतील सोळा पदके

अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ साली भारताने १०७ पदके मिळवली, तेव्हा आपल्या घराघरांत आनंद झाला आणि तो होणे स्वाभाविकच होते. आज मात्र मला त्याच स्पर्धेतील सिंगापूरच्या संघाविषयी बोलायचे आहे, कारण इथे सिंगापुरात राहणारी आपली मराठी मुले याच देशाच्या मैदानांवर खेळतात. मुंबईच्या निम्म्याहून कमी वस्तीच्या आणि जेमतेम ३६ लाख नागरिकांच्या या देशाने तेथे तीन सुवर्णांसह १६ पदके जिंकली.

त्यांतले शांती परेरा हिचे सुवर्ण मला सर्वांत मोलाचे वाटते. महिलांची २०० मीटरची शर्यत तिने २३.०३ सेकंदांत जिंकली आणि दोनच दिवस आधी १०० मीटरमध्ये तिचे सुवर्ण अवघ्या ०.०४ सेकंदाने हुकले होते. आशियाई स्पर्धेत ॲथलेटिक्सचे यापूर्वीचे सुवर्ण सिंगापूरला १९७४ साली तेहरानमध्ये ची स्वी ली यांनी ४०० मीटरमध्ये मिळवून दिले होते. म्हणजे मध्ये ४९ वर्षे गेली. शांतीने २०१५ साली वयाच्या अठराव्या वर्षी आग्नेय आशियाई स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर २०० मीटरचे सुवर्ण पटकावले, पण त्यानंतर दुखापती आल्या, वेळ सुधारेना, क्रीडा शिष्यवृत्तीही हातची गेली आणि पुन्हा ते सुवर्ण मिळवायला २०२२ उजाडले. मोठ्या देशात अशा धावपटूची जागा घ्यायला दहा जणी तयार असतात. इथे तिने मधल्याच एखाद्या वर्षी धावणे सोडले असते, तर तिच्यामागे उभी राहणारी दुसरी कोणी नव्हती.

उरलेली दोन्ही सुवर्णे समुद्रावरची, आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटाला ती शोभून दिसतात. पतंगाच्या जोरावर पाणी कापत जाण्याच्या शर्यतीत सतरा वर्षांचा मॅक्स मेडर जिंकला. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्टला, म्हणजे ऐन राष्ट्रीय दिनी, त्याने पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यही मिळवले. एकट्याने हाकायच्या शिडाच्या होडीत रायन लो पहिला आला. त्याच शर्यतीत तिसरा आलेला भारताचा विष्णू सरवणन हा लष्कराच्या मुंबईतील नौकानयन केंद्रात तयार झालेला, त्यामुळे त्या पदक समारंभात आपल्या दोन्ही घरांचे झेंडे एकत्र दिसले.

आपल्याकडे पीएसएलईचे, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, वर्ष आले की मुलांचे पोहणे, धावणे प्रथम बंद होते, आणि एकदा सुटलेला सराव परीक्षेनंतर क्वचितच पुन्हा सुरू होतो. पालकांची काळजी मला समजते. तरीही मंडळाच्या क्रीडा समितीने परीक्षेच्या वर्षातील मुलांसाठी शनिवार सकाळचा एक तास राखून ठेवावा आणि तो वर्षभर चुकू देऊ नये, अशी माझी कार्यकारिणीला मनापासून विनंती आहे.