नॅनोपार्टिकलमध्ये हायड्रोजन साठवायचा? आधी उष्णतेचं बोलूया!

नमस्कार मंडळी! 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल एमओएफवर (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांवर) काम करणाऱ्यांना मिळालं आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय, की दादा, नॅनो मटेरियलमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या किंवा छिद्रांच्या पदार्थात, हायड्रोजन भरता येतो म्हणतात, मग गाड्यांमध्ये अजून 700 बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण 700 पट) टाक्या कशाला? प्रश्न एकदम रास्त आहे.

बेसिक पटकन उरकतो. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण 120 मेगाज्यूल एनर्जी असते, पेट्रोलच्या पावणेतीन पट, पण हवेच्या दाबाला तो एक किलो 11-12 घनमीटर जागा खातो. 700 बारला दाबला तर लिटरमागे 40 ग्रॅम, द्रव केला तर 71 ग्रॅम, पण मग टेंपरेचर उणे 253. आणि मॅग्नेशियम हायड्राइडच्या, म्हणजे मॅग्नेशियम आणि हायड्रोजनच्या संयुगाच्या, स्फटिकात? 110 ग्रॅम! द्रवापेक्षा जास्त. धातू हायड्रोजन पितो हे 1866 मध्येच थॉमस ग्रॅहमनी पॅलेडियम घेऊन दाखवलेलं. रेणू पृष्ठभागावर तुटतो, सुटे अणू आत जाऊन धातूच्या अणूंमध्ये बसतात. झालं बेसिक.

आता मला जे खटकतं ते. ‘नॅनो केलं की मॅग्नेशियम रूम टेंपरेचरलाच हायड्रोजन सोडतं’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय, आणि ते चूक आहे. नॅनो केल्याने स्पीड वाढतो, कारण कण लहान म्हणजे अणूंना जायचं अंतर कमी आणि पृष्ठभाग जास्त, वर निकेल किंवा नायोबियम ऑक्साइडचा कॅटॅलिस्ट घातला की रेणू तोडायचं कामही सोपं. मी हे लॅबमध्ये डोळ्यांनी बघितलंय. बॉल मिलमध्ये खडखडत दळलेली राखाडी पावडर, ग्लोव्ह बॉक्समध्ये आर्गॉनखाली भरायची कारण हवा लागली की वर ऑक्साइडचा थर चढतो, आणि मग गरम करून तिच्यावर हायड्रोजन सोडला की ती तो पिते आणि दाबाच्या गेजचा काटा सरसर खाली येतो. न दळलेलं मॅग्नेशियम घेतलं तर तोच काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. फरक खरा आहे, त्याबद्दल वादच नाही.

पण बाँड तेवढाच घट्ट राहतो ना! डोंगरात बोगदा काढला की प्रवास लवकर होतो, पण पलीकडचं गाव जितक्या उंचीवर होतं तितक्याच उंचीवर राहतं. एक मोल (म्हणजे साधारण दोन ग्रॅम) हायड्रोजन सोडवायला साधारण 75 किलोज्यूल लागतात, कॅटॅलिस्ट असो वा नसो.

नाही पटलं? टेंपरेचरकडून बघा. हायड्रोजन मोकळा वायू झाला की विस्कळीतपणा वाढतो, या एन्ट्रॉपीचा फायदा मोलमागे, केल्विनमागे साधारण 130 ज्यूल. हा फायदा 75 किलोज्यूलच्या खर्चाला कधी गाठतो? 75,000 भागिले 130 करा, 577 केल्विन, म्हणजे जवळपास 300 अंश सेल्सियस. त्याच्या खाली एक बार दाबाला हायड्राइड हायड्रोजन सोडणारच नाही, कण कितीही बारीक दळा. (अगदी एक-दोन नॅनोमीटरच्या खाली गेलं तर बाँड ढिला होतो हे खरंय, 2005 च्या एका कॅल्क्युलेशनमध्ये 0.9 नॅनोमीटरच्या कणाला 200 अंश आले होते. पण इतके छोटे कण तापले की एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून ते कार्बनच्या छिद्रांत कोंडावे लागतात, आणि त्या कार्बनचं वजन कोण मोजणार?)

अजून एका बाजूने, पंपावर. पाच किलो हायड्रोजन म्हणजे 2,500 मोल, गुणिले 75, साधारण 187 मेगाज्यूल उष्णता, आणि ती भरताना बाहेर पडते. पाच मिनिटांत टाकी भरायची म्हटलं तर 600 किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता काढून न्यावी लागते, आणि नॅनोमुळे स्पीड वाढला की हा प्रॉब्लेम उलट वाढतो! वापरताना तीच उष्णता परत द्यायची, म्हणजे हायड्रोजनच्या स्वतःच्या एनर्जीतली तीस टक्क्यांच्या आसपास, त्यालाच बाहेर काढण्यात. हे थंबनेलवर का नाही लिहीत कोणी?

कुणीतरी लिहिलंय, ‘कार्बन नॅनोट्यूब वापरा, प्रश्न मिटला.’ नाही मिटला हो. 1990 च्या दशकात कार्बनच्या नॅनोफायबरमध्ये साठ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन मावतो असे दावे झाले, दुसऱ्या लॅबना ते करून दाखवता आले नाहीत. कार्बन असो की एमओएफ, तिथे रेणू न तुटता नुसता पृष्ठभागाला चिकटतो, मोलमागे जेमतेम काही किलोज्यूलने, म्हणून बराचसा साठा टिकवायला उणे 196 अंशाची थंडी लागते. एकीकडे फार घट्ट, दुसरीकडे फार ढिला, हवंय मधलं काहीतरी. म्हणून मला जर्मनीतल्या डेझी या संशोधन संस्थेचं 2021 चं काम आवडतं, ग्राफीनवर (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरावर) 1.2 नॅनोमीटरचे पॅलेडियमचे कण, गाभ्यात इरिडियम, आणि हायड्रोजन मुख्यतः वरच्या वर बसतो त्यामुळे सोडायला कमी तापवावं लागतं. पण धातू महाग आहेत, आणि वजनात हायड्रोजन किती टक्के हे विचाराल तेव्हा टाकीसकट, पाइपसकट, हीट एक्स्चेंजरसकट विचारा, नुसत्या मॅग्नेशियम हायड्राइड पावडरीचे 7.6 टक्के नाही.

मग हायड्राइड कुठे चालतं? जिथे वजन अडचण नाही तिथे. जर्मन बनावटीच्या 212 प्रकारच्या पाणबुड्या हायड्रोजन मेटल हायड्राइडमध्येच नेतात आणि फ्युएल सेलची (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राची) वाया जाणारी उष्णता तो सोडवायला वापरतात, हे डिझाइन मला मनापासून आवडतं.

शेवटचा प्रश्न खूप जणांचा आहे, टाकीला भोक पडलं तर? दाबाच्या टाकीसारखा सगळा गॅस एकदम बाहेर येत नाही, कारण सुटताना हायड्राइड स्वतःला थंड करतं आणि गळती मंदावते, परत तेच 75 किलोज्यूल. पण बारीक पावडर हवेत सांडली तर ती पेट घेऊ शकते, आणि तेव्हा पाणी मारायचं नाही! मॅग्नेशियम हायड्राइड पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन अजून हायड्रोजन सोडतं, धातूच्या आगीसाठीची कोरडी पावडरच वापरायची.