आईच्या आधी बाबा

नमस्कार श्रोतेहो.

नऊ महिने पोटात वाढवले, रात्रीच्या रात्री जागून काढल्या आणि एवढे करून कार्टे पहिल्यांदा बोलले ते 'बाबा', अशी लटकी तक्रार आपल्या घराघरांतून ऐकू येते. बाबामंडळींच्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु या निवडीत मायेपेक्षा ओठांचा वाटा मोठा असतो, हे सांगणे भाग आहे.

सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास मूल 'बाबाबा', 'दादादा', 'ममम' अशी बडबड सुरू करते. ओठ मिटून उघडले की ब, प, म निघतात. जीभ दातांमागे टेकली की द, त, न निघतात. त्यांना 'आ' जोडायचा आणि तेच पुन्हा म्हणायचे, एवढाच हा खेळ असतो. आता आपली नाती पाहा: बाबा, दादा, नाना, मामा. सगळी या साच्यातून काढल्यासारखी! 'आई' तेवढी नुसत्या दोन स्वरांची, साच्याबाहेरची.

मग त्या बडबडीला अर्थ कोठून येतो? रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने असे सुचवले की, अंगावर पिताना तोंड बंद असल्यामुळे बाळाचा आवाज नाकातून 'म्म' असा निघतो आणि पुढे तोच भुकेचा, मागण्याचा उद्गार होतो. अनेक भाषांनी तो आईच्या नावे केला. आपण त्याचा 'मम्मं' केला, म्हणजे थेट जेवणच, आणि 'मामा' हा आईचा भाऊ ठरवला. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. ध्वनी बाळाचा, अर्थ घराचा. भूभू, माऊ, भुर्र, जोजो ही आपली बाळबोली तशी मोठ्यांनीच मुलांसाठी घडवून ठेवलेली आहे, आणि अशोक केळकरांनी १९६४ मध्ये तिच्यावर शास्त्रीय लेख लिहिला होता.

बोलण्याच्या कितीतरी आधी कान तयार होत असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहेत, कारण त्यांत हिंदीतील 'त' आणि 'ट' वापरले होते. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ओळखता येत होता, पण वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख पुसट झाली. आपल्याकडे मात्र 'ताक' आणि 'टाक' कानांवर सतत पडत राहिल्यामुळे ती टिकते.

मूल शब्द निवडते तेही आपल्या सोयीने. ज्याच्या बडबडीत प आणि ब अधिक, ते त्याच ध्वनींचे शब्द आधी उचलते. दुसरी कसोटी हालचालीची. कॅथरीन नेल्सन यांनी १९७३ मध्ये अठरा मुलांचे पहिले पन्नास शब्द तपासले, तेव्हा घरातल्या नुसत्या उभ्या असलेल्या मोठ्या वस्तूंपेक्षा आपोआप हलणाऱ्या किंवा मुलाला स्वतः हाताळता येणाऱ्या वस्तूंची नावे त्यांत अधिक आढळली. चपला दिसताच आपली पोरे 'भुर्र' म्हणतात, ते उगाच नव्हे.

माझी नात अकरा महिन्यांची असताना छताकडे बोट करून 'प' म्हणू लागली. पंखा! आम्ही सर्वांनी टाळ्या पिटल्या. आठवड्याभराने तिने वॉशिंग मशीनच्या काचेवर हात ठेवून 'प' म्हटले, मग उलट्या पडलेल्या तिचाकी सायकलच्या फिरणाऱ्या चाकाला 'प' म्हटले, आणि आम्हाला वाटले, पोरगी चुकते आहे. एका दुपारी वीज गेली. मी तिला कडेवर घेऊन विचारले, "पंखा कुठे आहे?" तिने वर पाहिले आणि गप्प राहिली. वीज आली, पाती जेमतेम अर्धा फेरा फिरली असतील, तोच कानाजवळ स्पष्ट ऐकू आले, "प."