आधी चित्र, मग चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो. चित्रप्रदर्शनात शिरलं की आपण आधी काय बघतो? शेजारची चिठ्ठी. तसं करू नका. आधी चित्र, मग चिठ्ठी. तीन बाय चार फुटांचं चित्र असेल तर सात-आठ फुटांवर चार-पाच मिनिटं उभे राहा. मग हातभर अंतरावर या, तिरकं बघा. रंग कुठे जाड बसलाय, कुठे सुरीने खरवडलाय, ते कळतं. कॅनव्हासची कडही बघा, खालचा रंग पुष्कळदा तिथे उरलेला असतो. मोबाइलच्या फोटोत यातलं काही येत नाही. आणि हॉलवाल्यांनो, काचेसमोर ट्यूबलाइट लावू नका हो! फीत कापायला पाहुणे बोलावता, तसा एखादा वायरमनही बोलवा.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी जाणारा 'हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही' हे ऐकूनच आत शिरतो, आणि फोटोंतही तेच शोधतो. त्यापेक्षा त्यांचं एखादं टेबलटॉप छायाचित्र निवडा. सगळं दृश्य टेबलावर मांडलेलं. जमीन कशाची, झाड कशाचं, उजेड कुठून, हे आधी ओळखा. मग त्या माणसाबद्दल विचारा.

आता हा नियम मोडणारी गोष्ट. साल 1953, न्यूयॉर्क. रॉबर्ट राउशेनबर्ग हा तरुण चित्रकार दारूची बाटली घेऊन विलेम द कूनिंगच्या दारात गेला. द कूनिंग तेव्हा बडं नाव. मागणी काय? तुमचं एक रेखाचित्र द्या, मला ते खोडायचंय! स्वतःची चित्रं त्याने खोडून पाहिली होती, पण त्यात राम नव्हता. खोडायला मोठ्याचंच चित्र हवं. द कूनिंगला कल्पना आवडली नाही, पण पटली. मग त्यानेही मुद्दाम खोडायला अवघड असं आपलं एक चित्र निवडून दिलं, तेलकट खडूचं, शाईचं. राउशेनबर्ग आठवडेच्या आठवडे रबर घासत बसला. तरी डाग राहिलेच. जॅस्पर जॉन्स या मित्राने खाली सुबक अक्षरांत लिहून दिलं: खोडलेलं द कूनिंग रेखाचित्र, रॉबर्ट राउशेनबर्ग, 1953. वर सोनेरी चौकट. ही ओळ झाकली तर काय उरतं? मळका कागद. म्हणजे इथे चिठ्ठी हाच चित्राचा भाग.

म्हणून पाच मिनिटं बघूनही काही हाती लागलं नाही, तर खुशाल चिठ्ठी वाचा आणि पुन्हा चित्रासमोर या. समीक्षकाचा लेख घरी जाऊन वाचा. त्यात सांगितलेलं काही तुम्हाला दिसलं नसेल, तर दुसरी फेरी मारा. आपल्याकडची प्रदर्शनं दोन-चार दिवसांत उतरतात, तेव्हा पहिली फेरी उद्घाटनाच्याच दिवशी, भाषणं संपल्यावर.