गणपती येतात तेव्हा गटार बघा

नमस्कार मंडळी! चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात पुरावर काय बोलणार, असं येताना आमच्या रिक्षावाल्यानं विचारलंच. म्हटलं बाबा, सप्टेंबर २०२५ मधला सीना नदीचा पूर आठव.

आपली गोची अशी आहे बघा, नालेसफाई होते मे-जूनमध्ये, आणि आपल्याकडं खरा पाऊस पडतो सप्टेंबरात, परतीचा. १४ ऑक्टोबर २०२० ला तो धो-धो कोसळला, तेव्हा तर दसरा तोंडावर आलेला. तोवर साफ केलेला नाला परत भरलेला असतो. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी गटारीच्या जाळीत गज घालून ओढलं तर काय निघावं, कॅरीबॅगा, थर्माकोलचं मखर आणि कारखान्यातल्या चिंध्यांचा हा एवढा गोळा, वेणी घातल्यासारखा. तो निघाला आणि गुडघाभर पाणी दहा मिनिटात उतरलं. म्हणून गणपतीची वर्गणी गोळा करतानाच मंडळाच्या पोरांनी एक रविवार जाळ्या बघाव्यात.

नदीचं वेगळं. नदीकाठी पाणी बऱ्याचदा सांगून येतं हो, धरणातनं विसर्ग सोडला की खाली पोचायला वेळ लागतो, पण 'एक लाख क्युसेक' ऐकून आपल्याला काय उमजत नाही. टँकरच्या भाषेत सांगतो, ती आपल्याला पाठ आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे लाख क्युसेकला दहा हजार लिटरचे २८० टँकर, आणि ते दर सेकंदाला! हे ऐकल्यावर 'बघू सकाळी' म्हणायचं नाही, आधी दावणीची जनावरं सोडून उंचावर न्यायची, मग कागदपत्रं, मग बाकीचं. पुलावरनं पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, मागचा कितीपण हॉर्न मारू दे.

भूकंप मात्र सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास. तिथं माणसं मेली ती जास्त करून दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या ओझ्याखाली. तसली जुनी घरं आपल्याकडं गावठाणात अजून आहेत, वर दरवर्षी मातीचा नवा थर. भिंत पोट काढून फुगलेली दिसली तर इंजिनिअरला दाखवा, आणि तोवर तिच्याकडेला म्हाताऱ्या माणसांची खाट टाकू नका.

आणि हो, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. मोबाईलमध्ये नको, चार्जिंग तेव्हाच संपतं. खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहा.