ताटातली लिंबाची फोड

[दृश्य: ताटात जोंधळ्याची भाकरी, मेथीची भाजी, मसुराची उसळ, कडेला लिंबाची फोड]

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतलं हे नेहमीचं जेवण. लिंबांना इथं तोटा नाही. विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीच्या लिंबाला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी ही फोड कितीदा न पिळताच उष्ट्यात जाते.

मेथीत, मसुरात, भाकरीत रक्तासाठी लागणारं लोह असतं, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. धान्याच्या कोंड्यातलं आणि कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. शिवाय वनस्पतींमधलं हे लोह ज्या रूपात असतं, ते आतड्याला नीट शोषता येत नाही. लिंबाच्या रसातलं सी जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं आणि आतड्यात पोहोचेपर्यंत ते विरघळलेलं ठेवतं. ही क्रिया पोटात अन्न असतानाच होते. म्हणून सकाळी अनशापोटी घेतलेलं लिंबूपाणी दुपारच्या भाजीतल्या लोहाला उपयोगी पडत नाही. आणि त्यानं चरबी वितळते, यात काही तथ्य नाही.

[दृश्य: उसळीचं पातेलं गॅसवरून उतरतं, मग लिंबू पिळलं जातं]

हे नीट बघा. पातेलं आधी खाली उतरलं, मग लिंबू. उकळत्या आमटीत रस घातला तर उष्णतेनं सी जीवनसत्त्व बरंचसं जातं, उरतो फक्त आंबटपणा. सगळ्यात चांगलं म्हणजे ताटातच पिळावं. चिरून तासन् तास उघड्यावर ठेवलेल्या फोडीतही ते कमी होत जातं.

आता हिशेब. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागतं, बाईला ६५. एका मोठ्या लिंबाचा रस दोन मोठे चमचे भरतो. त्यात जेमतेम १० मिलिग्रॅम. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात मात्र ६० ते ७०. म्हणून लिंबावर सगळी भिस्त नको. जेवणासोबतच संत्र किंवा मोसंबी खा, रस न काढता, फोडींवरच्या पातळ सालीसकट. चोथा पोटासाठी चांगला.

आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोहाला बांधून टाकतात, लिंबानं केलेलं बरंचसं काम वाया जातं. तासभर थांबा. रक्त फारच कमी असेल तर लिंबानं भागणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. त्याही चहासोबत नकोत.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांना लिंबातलं सायट्रेट मदत करतं. ते लघवीतल्या कॅल्शियमला धरतं, खडा बनू देत नाही. पण त्या लिंबूपाण्यात मीठ भरपूर टाकलं तर लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणजे उलटाच परिणाम. साखरही बेतानंच. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, दात अर्ध्या तासानं घासा; आम्लानं मऊ झालेलं दातांवरचं कवच लगेच घासलं तर झिजतं.

[दृश्य: बाजारात पपनसांचा ढीग]

गणपतीच्या सुमारास बाजारात पपनस येतं. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. यातले काही घटक, ग्रेपफ्रूट या परदेशी लिंबूवर्गीय फळातल्यासारखेच, काही औषधं शरीरात मोडू देत नाहीत. औषध रक्तात साचतं आणि नेहमीचीच गोळी जास्त होऊन बसते. गोळी सकाळी आणि पपनस संध्याकाळी, असं केल्यानंही हा धोका टळत नाही, कारण हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो.