नव्याण्णव मेंढरे कोणी राखली?

पडद्यावर दिसणारी ही खोली खेड्यातल्या एका मिशनच्या आवारात आहे. उपासना संपून मोठी माणसे बाहेर पडली आहेत आणि जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा धर्मवर्ग, सुरू होत आहे. घरी सांभाळायला कोणी नसल्यामुळे काहींनी धाकटी भावंडेही मांडीवर घेतली आहेत. शिकवणाऱ्या ताई बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पंधराव्या अध्यायातली गोष्ट सांगत आहेत. एका मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे होती, त्यांतले एक हरवले, तेव्हा उरलेली नव्याण्णव रानात सोडून तो त्या एकाच्या शोधात निघाला. एवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न येतो, ‘‘मग नव्याण्णव कोणी राखली?’’

लूकने याचे उत्तर लिहून ठेवलेले नाही. गुरे-मेंढरे फक्त चित्रात पाहिलेल्या मुलाला ही गोष्ट गोड वाटते. ज्याने स्वतः जनावरे राखली आहेत, त्याच्या मात्र ताबडतोब ध्यानात येते की मेंढपाळाने फार मोठी जोखीम पत्करली. येशूने हा दृष्टांत सांगितला तोच मुळी प्रश्न विचारून : तुमच्यापैकी असा कोण आहे, जो हरवलेल्या एकासाठी नव्याण्णव रानात सोडणार नाही? तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलाने व्यत्यय आणला असे म्हणण्याऐवजी त्याने दृष्टांत नीट ऐकला असे म्हणावे लागेल. ताई त्याला गप्प करत नाहीत. ‘‘तू असतास तर काय केले असतेस?’’ एवढेच विचारतात, आणि पुढची दहा मिनिटे मुलेच बोलतात.

पेरणाऱ्याच्या दृष्टांताचेही असेच होते. बी वाटेवर, खडकाळीत आणि काटेरी झुडपांत पडते हे ऐकताच, एवढे बी वाया घालवणारा हा कसला शेतकरी, अशी कुजबुज सुरू होते. चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट आणि शंभरपट पीक आले हे कळल्यावर मात्र मुले थक्क होतात. शंभरपट म्हणजे किती, हे सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांनाच अधिक कळते. मिशनमध्ये नव्याने आलेल्या कार्यकर्त्याने ही गोष्ट सांगण्याआधी एखादी पेरणी बांधावर उभे राहून पाहिली, तर त्याचे निम्मे काम तिथेच होईल.

मराठी बायबलची भाषाही येथे मदतीला येते. येशूला पाहण्यासाठी ठेंगणा जकातदार जक्कय चढला ते झाड उंबराचे, आणि येशूने पाच हजार लोकांना जेवू घातले त्या वेळी मुलाजवळ होत्या त्या जवाच्या पाच भाकरी. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत येतो. भाकरी एका लहान मुलाच्या होत्या, हे मात्र एकट्या योहानाने नोंदवले आहे. मुलांना गोष्ट सांगताना हा तपशील गाळणे म्हणजे त्यांचाच माणूस गोष्टीतून काढून टाकणे होय.

ताईंच्या मागे फ्लॅनेलचा फळा आहे. कागदी मेंढरांच्या पाठीला कापडाचे तुकडे चिकटवलेले आहेत, त्यामुळे ती फळ्याला धरून राहतात. जुनी झालेली दोन-तीन मात्र सारखी गळून पडतात, आणि ती उचलून लावण्यासाठी मुलांची झुंबड उडते. महागड्या पडद्यांपेक्षा हा फळा उजवा आहे असे आमचे मत झाले, कारण त्याला मुलांचा हात लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या खोलीतली सगळीच मुले ख्रिस्ती घरांतली असतील असे नाही. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलाला बसवू नये, खाऊचे आमिष दाखवू नये आणि नरकाची भीती घालू नये. भेदरलेल्या मुलाने मान डोलावली, म्हणजे त्याला गोष्ट कळली असे होत नाही.

गोष्टीचा बोध कोणी आणि केव्हा सांगावा, यासाठी ताई बायबलच्या जुन्या करारातल्या नाथान संदेष्ट्याकडे बोट दाखवतात. दाविद राजाला त्याचा अपराध दाखवायला आलेल्या नाथानाने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. त्याच नगरातल्या श्रीमंताने तीच नेऊन पाहुण्यासाठी कापली. राजा संतापून निवाडा देईपर्यंत नाथानाने त्याच्याविषयी अवाक्षर काढले नाही. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे शब्द त्यानंतर आले. शब्बाथशाळेत बहुधा याच्या उलट घडते : गोष्ट संपण्याआधीच ‘म्हणून मुलांनो’ सुरू होते आणि मुलांचे लक्ष दाराकडे जाते.

पुढच्या रविवारी लूकच्या त्याच अध्यायातला, बापाची मालमत्ता उधळून बसलेला उधळ्या मुलगा घरी परततो. आत त्याच्या स्वागताच्या गाण्याबजावण्याचा आवाज चालू आहे, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालत आहे, आणि लूक तिथेच थांबतो.

‘‘मग तो आत गेला का?’’ या वेळी पुढच्या रांगेतली मुलगी विचारते.

पुस्तकात एवढेच आहे, असे ताई सांगतात. सुट्टी झाली तरी मुले उठत नाहीत.